पेवावरच्या फरश्या

आमच्या अणदूरच्या घरात मधल्या खोलीतून चालताना एका ठिकाणी पायाचा आवाज बदलायचा. दुकानाच्या दारातून आत आलं की चार पावलं शहाबादी फरशीचा कोरडा, दबका आवाज, आणि पाचव्या पावलाला खालून कुणीतरी हुंकार द्यावा तसा घुमारा. तिथं पेव होतं. ज्यांनी पेव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. ज्वारी साठवायला जमिनीत खणलेलं ते कोठार असतं; तोंड एक माणूस अंग चोरून उतरेल एवढंच, आत पोट रांजणासारखं फुगलेलं, आणि खोली अशी की आत उतरलेल्या माणसाचा वर केलेला हातसुद्धा बाहेरून दिसू नये. आजोबांच्या काळी त्यात वर्षाची ज्वारी राहायची. मला आठवतं तेव्हापासून ते रिकामंच होतं. तोंडावर गोल दगडी झाकण, कडेनं मातीनं लिंपलेलं, फरशीपासून चार बोटं वर आलेलं. लहानपणी मी त्यावर उभी राहून टाच आपटायची आणि आतून येणारा आवाज ऐकत बसायची. माझी आई, अव्वा, स्वयंपाकघरातून म्हणायची, "झोपल्याला उठवू नगं." कोण झोपलंय ते तिनं कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आमच्या घरात न विचारण्याची सवय सगळ्यांनाच होती.

माझ्या वडिलांचं, अप्पांचं, किराणा दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं. त्यामुळे घराला सकाळी उदबत्तीचा, दुपारी गुळाचा आणि संध्याकाळी रॉकेलचा वास असायचा. रॉकेल बंद होऊन वर्षं झाली तरी तो गेला नव्हता. अव्वा कडक भाकऱ्या करायची. चुलीच्या कडेला उभ्या करून वाळवलेल्या, पापडासारख्या पातळ, मोडल्या की काडकन आवाज करणाऱ्या. त्यावर शेंगाची चटणी आणि तेल. मला इंग्रजी शाळेत घातलं ते अप्पांच्या हट्टानं. शाळेची गाडी हायवेवर यायची, मी दुकानाच्या पायरीवर बूट घालून उभी असायची आणि गिऱ्हाईकं मला वाट करून द्यायची. डब्यात कडक भाकरी नको म्हणून मी दुसरीत असतानाच रडून घेतलं होतं, तेव्हापासून डब्यात ब्रेड जायचा. सातवीत एकदाच एक मैत्रीण घरी आली. ते गोल झाकण बघून तिनं विचारलं, हे मॅनहोल आहे का, हॉलमध्ये? मी हो म्हणाले. पेव म्हणजे काय हे इंग्रजीत कसं सांगायचं ते मला येत नव्हतं, असं मी पुढं स्वतःला समजावत आले. खरं म्हणजे सांगायचंच नव्हतं. त्यानंतर मी कुणाला घरी बोलावलं नाही. पेव मी पहिल्यांदा झाकलं ते त्या दिवशी.

मी एकोणीस वर्षांची असताना घर विकायचं ठरलं. अव्वाच्या किडन्या गेल्या होत्या आणि आठवड्यातून तीनदा सोलापूरला डायलिसिसला न्यावं लागायचं. सकाळच्या एसटीनं जायचं, चार तास यंत्राला लावायचं आणि परत यायचं. येताना ती ओल्या कपड्याच्या पिळ्यासारखी दिसायची. पाणी मोजून प्यायचं, मीठ नाही, शेंगा नाहीत. जन्मभर जिनं शेंगा कुटल्या तिच्या ताटात पांढरा भात आणि उकडलेला दुधी. मामांच्या ओळखीनं दवाखान्याजवळ तळमजल्यावरचा एक फ्लॅट मिळत होता, मालक महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता. अणदूरचं घर गेल्याशिवाय तो घेता येणार नव्हता. डायलिसिसची सुई लावायला नस तयार करण्यासाठी अव्वाच्या हाताचं ऑपरेशन करायचं होतं म्हणून अप्पा तिच्याजवळ सोलापूरला राहिले. माझी परीक्षा संपली होती. अप्पा म्हणाले, तू घर झाडूनपुसून ठेव, पंधरा दिवसांत एक गिऱ्हाईक बघायला येईल, माणूस चांगला आहे.

मला वाटतं अप्पांनी माझ्यावर सोपवलेलं ते पहिलं मोठं काम. मी वही केली. फोनवर घर विकण्यापूर्वी काय काय करावं याचे व्हिडिओ बघितले. त्यातल्या बायका पांढऱ्या स्वयंपाकघरांतून हसत फिरायच्या आणि सांगायच्या की घरात तुमच्या खुणा ठेवू नका, घेणाऱ्याला त्याचं घर दिसलं पाहिजे. मी आजोबांचा हार घातलेला फोटो काढला. कोनाड्यातली तेलाची काजळी खरवडली. अव्वाचं पाणी मोजायचं छोटं स्टीलचं फुलपात्र, औषधांचे डबे, वजनकाटा, सगळं एका गोणीत भरून माळ्यावर टाकलं, कारण आजाऱ्याचं घर म्हटलं की लोक भाव पाडतात असं मीच ठरवलं होतं. भिंतींना फिकट पिवळा रंग दिला. शेजारच्या गंगव्वाकाकू रात्री माझ्या सोबतीला झोपायला यायच्या आणि दिवसा दारात बसून माझी गंमत बघायच्या. व्हिडिओतली बाई म्हणाली होती की बघायला लोक येतील तेव्हा घरात केक भाजल्याचा वास असावा. मी काकूंना विचारलं, तुम्ही त्या दिवशी सकाळी येऊन शेंगा भाजाल का. त्या बराच वेळ हसल्या आणि म्हणाल्या, "घर इकायलीस का पोरगी दाखवायलीस? साडी बी नेसव मग भिंतीला."

राहिली मधली खोली. कितीही पुसली तरी ती जुनीच दिसायची. शहाबादी फरश्या काळ्या पडलेल्या, आणि मधोमध ते वर आलेलं झाकण. गावातल्या गफूर मिस्त्रींना मी बोलावलं. वरून पांढऱ्या टाइल्स टाकायला किती दिवस लागतील विचारलं. दोन दिवस, म्हणाले. मग त्यांनी झाकणावर टाच आपटली, घुमारा ऐकला आणि विडी कानावर ठेवली. म्हणाले, "बेटा, हे आधी भरून घ्यावं लागतंय. चार-पाच ट्रॉल्या मुरूम, पानी मारायचं, बसू द्यायचं. धा दिवस तर जातेत." माझ्याकडं सहा दिवस होते. मी विचारलं, न भरता नाही का होणार? होतंय की, ते म्हणाले, झाकण काढून आडवी फरशी टाकतो, वर सिमेंटचा माल, वर टाइल्स. दिसायला काही दिसणार नाही. मग जरा थांबून म्हणाले, "पन घेनाऱ्याला सांगावं लागंल हां." मी हो म्हणून मान हलवली. ते झाकण दोघांनी गडगडत नेऊन मागच्या भिंतीला टेकवलं. दोन दिवसांनी मधली खोली इतकी उजळ झाली की मी दारात उभी राहून तिचा फोटो काढला. ती खोली आता कुणाचीही असू शकत होती.

इथं एक रीत सांगायला हवी, कारण ती मला माहीत होती. आमच्याकडं पेव असलेलं घर विकताना पेवाचं तोंड उघडून दाखवतात. आदल्या दिवशी झाकण काढून ठेवायचं, कारण बंद पेवातली हवा मेलेली असते, तिच्यात माणूस उतरला तर वर येत नाही. दुसऱ्या दिवशी दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. तो तळाशी जळत राहिला की घेणाऱ्यानं वाकून बघायचं, आणि विकणाऱ्यानं मूठभर ज्वारी आत टाकून म्हणायचं, आता हे तुमचं. त्यानंतरच पानसुपारी. ज्यांच्या घरात ज्वारीचा दाणा राहिलेला नाही असे लोकही ही रीत पाळतात. आमच्या गावचा खंडोबा वर्षातले काही दिवस नळदुर्गला राहायला जातो आणि ठरलेल्या दिवशी परत येतो. दोन गावांत देव एकच. जिथं देवसुद्धा दिलेल्या शब्दानं घर बदलतो तिथल्या माणसांना असल्या गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत. गिऱ्हाईक येण्याच्या आदल्या दिवशी अप्पांचा फोन आला. अव्वाच्या हाताबद्दल बोलले, मग म्हणाले, पेवाचं झाकण काढून ठेव, गफूरला बोलव, एकटीनं हात लावू नको. मी म्हणाले, हो अप्पा. आल्यावर सांगू, असं मी मनात म्हटलं.

पण अप्पांची गाडी उशिरा आली आणि ते लोक वेळेवर आले. हणमंतराव शेजारच्याच गावचे, दुकानाचे जुने गिऱ्हाईक. बरोबर त्यांची बायको सुरेखाताई. त्यांना पिठाची गिरणी टाकायची होती. हायवेला लागून घर, पुढं दुकान, सगळं त्यांच्या सोयीचं. काकूंनी खरोखरच शेंगा भाजल्या होत्या. सुरेखाताईंनी भिंतीवरून हात फिरवला, म्हणाल्या, किती नीट ठेवलंय घर. मी चहा आणला. हणमंतराव मधल्या खोलीत उभे राहून हातानं माप घेत होते. म्हणाले, गिरणी ह्या अंगाला, मिरची कांडप त्या अंगाला. ते ज्या टाइलवर उभे होते तिच्याकडं मी बघितलं आणि ट्रे घेऊन आत गेले.

तेवढ्यात अप्पा आले. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. दुकानातून आत चार पावलं टाकली, पाचवं टाकलं आणि थांबले. खाली बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. त्यांच्या डोक्यावरची टोपी प्रवासानं तिरकी झाली होती, ती त्यांनी सरळ केली आणि पाहुण्यांना रामराम केला. बोलणं सुरू झालं, अव्वाची विचारपूस झाली. मग हणमंतरावांनी सहज विचारलं, ह्या आळीतल्या घरांत पेवं असतात म्हणतात, तुमच्यात नाही का? अप्पा बोलायला वेळ घेत होते. तो वेळ मला सहन झाला नाही. मी कधी मोठ्यांच्या बोलण्यात बोलत नसे, चार माणसांत माझा आवाज फुटत नसे. त्या दिवशी फुटला. शाळेत वक्तृत्वाला लागायचा तसा स्वच्छ.

"होतं. बुजवून घेतलंय. मुरूम भरून."

हणमंतराव हसले. "झालं की मग. शिकल्याली पोरगी हाय, तिनं सांगितलं म्हंजी काय बघायचं ऱ्हायलं."

साखर वाटली गेली. उद्या भावाला घेऊन येतो आणि पक्कं करतो असं सांगून ते उठले, हायवेवर चहा घेऊन मोटरसायकलनं जाणार होते. ते गेल्यावर अप्पांनी मला विचारलं, किती ट्रॉल्या लागल्या? त्यांच्या आवाजात राग नव्हता. दुकानात पोत्यांची संख्या विचारावी तसं विचारलं. मी कपबशा ट्रेमध्ये ठेवत राहिले. गफूरनं भरलंय का, त्यांनी परत विचारलं. मी म्हणाले, नाही. मग बोलत सुटले. महिनाअखेर जवळ आलाय, फ्लॅट जाईल, अव्वाला बसमध्ये त्रास होतो, भरायला दहा दिवस लागले असते. सगळं खरं होतं. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्यो तिथं गिरणी ठिवणार हाय." बास. मागच्या अंगणातून पहार घेऊन आले आणि मला बाजूला हो म्हणाले.

टाइल्स फुटतानाचा आवाज मला अजून नीट आठवतो, कारण पहिल्या दोन-तीन घावांनंतर त्या आवाजाखाली तो जुना घुमारा परत आला. त्यांनी मोजमाप केलं नव्हतं. पायाला ठाऊक असलेल्या जागीच पहार मारली होती. आडवी फरशी सरकवल्यावर आंबूस, ओलसर वास खोलीत पसरला, भाजलेल्या शेंगांच्या वासावर. मग त्यांनी हात धुतले, टोपी घातली आणि स्वतः हायवेपर्यंत चालत जाऊन चहा पीत बसलेल्या त्या दोघांना परत घेऊन आले.

दोरीला कंदील बांधून अप्पांनी आत सोडला. आम्ही सगळे उभे होतो, काकू दुकानाच्या दारात. निम्म्यात जाऊन ज्योत बारीक झाली, निळी झाली आणि विझली. हणमंतराव त्या अंधाराकडं बघत होते, आणि मला वाटतं ते त्यात त्यांची गिरणी बघत होते, गिरणीजवळ उभा असलेला माणूस बघत होते. अप्पा म्हणाले, "चूक माझी हाय. गडबडीत म्याच बसवून घेतल्या फरश्या. पोरीला बी म्याच तसं बोलाय लावलं."

मी स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभी होते. अप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही, नुसता हात मागं करून मला आत जा अशी खूण केली. माझ्याकडं तेव्हा एकच वाक्य होतं, तीन शब्दांचं. ते मला इंग्रजीत येत होतं, मराठीत येत होतं, अव्वाच्या कानडीतही येत होतं. मी आत गेले नाही आणि बोललेही नाही.

हणमंतराव शांतपणे म्हणाले, "अप्पा, तुमच्या तराजूकडं म्या कधी बघितलं न्हाय. डोळं झाकून माल नेला." एवढं बोलून ते चप्पल घालायला वळले. सुरेखाताई मात्र माझ्याजवळ आल्या. माझ्या हातावर हात ठेवून अप्पांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "लेकराच्या तोंडून असं वदवू नये, अप्पा." आणि मला म्हणाल्या, "तू कशाला रडतीस बाई, तुझी काय चूक." मी रडत होते हे मला तेव्हा कळलं. त्यांनी पदरानं माझा चेहरा पुसला आणि मी पुसू दिला.

तो फ्लॅट गेला. पेव भरून घेतलं, मुरूम बसायला दहाच दिवस लागले, पण गावात गोष्ट फिरली होती आणि घर आठ महिने कुणी घेतलं नाही. कुणाचं काही लपवलेलं बाहेर आलं की पारावर म्हणायला लागले, वर टाइल्स, खाली अप्पाचं पेव. दुकानात नेहमीची माणसंही माल घेताना काट्याकडं बघायला लागली. अप्पा काटा त्यांच्याकडं फिरवून धरायचे. हे मी पायरीवरून बघायची. ते आठ महिने अव्वाला आठवड्यातून तीनदा मी एसटीनं नेलं. ती खिडकीशी बसायची, त्या छोट्या फुलपात्रातलं पाणी ओठांना लावायची आणि परत ठेवायची. एकदा परत येताना नळदुर्गच्या अलीकडचा कुठला तरी फाटा ओलांडताना, मला वाटलं झोप लागलीय तिला, ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवूनच बोलली.

"माझ्यासाठी केलीस, ठाव हाय मला. पर त्यांच्यावर का येऊ दिलीस?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले. तिनं परत विचारलं नाही. घरी आल्यावर रोजच्यासारखं, ऊट आतेनु, जेवलीस का, एवढंच.

आता मी तिशी ओलांडली आहे, सोलापुरात नोकरी करते, सभांमधून बोलते. माझ्या घरी टाइल्स आहेत आणि नवीन घरात गेल्यावर मी अजूनही पहिल्यांदा टाच आपटून बघते. लोकांना वाटतं मला बांधकामातलं कळतं. घर विकून दवाखान्याजवळ दुसरा फ्लॅट घेतल्यावर अव्वा तीन वर्षं जगली. अप्पा चार वर्षांपूर्वी गेले. माती झाल्यावर तिसऱ्या दिवशी अणदूरकडची माणसं भेटायला आली, त्यात हणमंतरावही होते, काठी टेकत. अप्पांच्या फोटोसमोर बराच वेळ बसले. मी चहा घेऊन गेले तेव्हा शेजारच्या माणसाला सांगत होते, "माणूस सोन्याचा. जन्मात एकदाच चुकला, ते बी बायकूसाठी. ते बी स्वतःच येऊन, आमाला बोलवून दाखवलं." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, प्रेमानं. त्या क्षणी मला अडवणारं कुणी नव्हतं. अप्पांचा हातही नव्हता. मी त्यांना विचारलं, साखर घालू का.

हे प्रकरण लिहायचं मी तीनदा टाळलं. अप्पांबद्दल इतर पुष्कळ चांगलं लिहून झालं, ते वाचून कुणीही म्हणेल की मुलीनं बापाचं नाव राखलं. हणमंतराव आता वाचू शकत नाहीत असं कळलं. सुरेखाताई वाचतात की नाही मला माहीत नाही. गावात कुणी वाचून दाखवलं तर बरं होईल.

टाइल्स मी बसवून घेतल्या. गफूर मिस्त्रींनी सांगायला सांगितलं होतं, अप्पांनी झाकण काढायला सांगितलं होतं, दोघांनाही मी हो म्हणाले होते. बुजवलंय हे मला कुणी बोलायला लावलं नाही. त्या दोन दिवसांत अप्पा गावात नव्हतेच. ते सोलापूरला अव्वाच्या उशाशी बसले होते.